स्पॅगेटी रॅकेट

स्पॅगेटी रॅकेट : तारांच्या दुहेरी मांडणीमुळे १९७७ साली गाजलेली आणि त्याच वर्षी बंदी आलेली टेनिसची रॅकेट. बव्हेरियातील (जर्मनी) बागायततज्ज्ञ वेर्नर फिशर यांनी ती १९७०च्या दशकात तयार केली. आधीच्या संशोधकांचे लक्ष चौकटीवर होते. रने लाकोस्त यांनी पोलादाची चौकट आणली, तर हॉवर्ड हेड यांनी अॅल्युमिनियमची मोठ्या तोंडाची. फिशर यांनी चौकट तशीच ठेवून तारांची मांडणी (गटिंग) बदलली.

नेहमीच्या रॅकेटमध्ये उभ्या-आडव्या तारा खाटेसारख्या एकमेकींत विणलेल्या असतात. फिशर यांच्या रॅकेटमध्ये वीणच नव्हती. मध्ये पाच-सहा आडव्या तारा आणि त्यांच्या पुढे व मागे उभ्या तारांचा एकेक पडदा अशी रचना होती. उभ्या तारा बारीक दोरी आणि प्लॅस्टिकच्या नळ्या वापरून एकमेकींना जोडल्या जात, ताणही कमी ठेवला जाई. चेंडूला खालून वर घासत फटका मारला की उभ्या तारा त्याच्याबरोबर बाजूला सरकत आणि तो सुटण्याआधीच उसळी घेऊन जागेवर येत. हे सगळे सेकंदाच्या काही हजारांश भागात घडे. परतणाऱ्या तारा चेंडूला जबरदस्त टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) देत. मग जोरात मारलेला चेंडूही कोर्टाच्या आत झपकन खाली उतरे आणि टप्प्यानंतर खांद्याच्या वर उडे. फटक्याचा आवाज दबका येत असल्याने समोरच्याला चेंडूच्या वेगाचा अंदाजही बांधता येत नसे. विणलेल्या तारा घर्षणामुळे एवढ्या मोकळ्या सरकत नाहीत, हे फिशर यांनी अचूक हेरले होते.

१९७७च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत माइक फिशबाख या फारशा परिचित नसलेल्या खेळाडूने अशा रॅकेटने माजी विजेता स्टॅन स्मिथला ६-०, ६-२ असे हरवले. सप्टेंबरअखेर पॅरिसमध्ये जॉर्ज गोव्हेनने तिच्याच जोरावर इली नास्तासेला नमवले. चिडलेल्या नास्तासेने लगेच पुढच्या एक्स-आं-प्रोव्हान्सच्या स्पर्धेत तीच रॅकेट हाती घेतली. अंतिम सामन्यात दोन सेट गमावल्यावर त्याचा प्रतिस्पर्धी गिलेर्मो विलासने निषेध म्हणून खेळ सोडला. क्ले कोर्टवरील त्याची सलग ५३ विजयांची मालिका तिथे खंडित झाली.

टेनिसच्या नियमांत चेंडूची मापे होती, पण रॅकेटची व्याख्याच नव्हती. त्यामुळे फिशर यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. आंतरराष्ट्रीय महासंघाने ऑक्टोबर १९७७मध्ये तात्पुरती बंदी घातली आणि १९७८मध्ये रॅकेटची व्याख्या नियमात आणली. कौशल्यातली तफावत एका रॅकेटने पुसली जात होती; बंदी योग्यच होती. मात्र फिशर यांचे तत्त्व खरे ठरले. १९९७ साली गुस्ताव्हो कुएर्तनने पॉलिएस्टरच्या तारांनी फ्रेंच स्पर्धा जिंकली आणि या तारांचा प्रसार वाढला. त्या गुळगुळीत असल्याने विणलेल्या असूनही सरकतात, परततात आणि चेंडूला अधिक फिरकी देतात. आजच्या टॉपस्पिनप्रधान खेळामागे त्यांचा मोठा वाटा आहे. फिशर यांचे नाव मात्र टेनिसच्या इतिहासात क्वचितच आदराने घेतले जाते, हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

सध्याच्या नियमानुसार तारा एकमेकींना छेदतात तिथे त्या आळीपाळीने विणलेल्या किंवा जोडलेल्या असाव्या लागतात, आणि मधली वीण इतर भागापेक्षा विरळ चालत नाही.