लिंकनच्या सभांतील हशा

सभेतील विनोद बहुधा सभेबरोबरच विरून जातो. मंडपाबाहेर पडलेला श्रोता ‘वक्त्याने काय हसवले!’ एवढे सांगतो. कशावर हसवले आणि त्या हशाने वक्त्याचे कोणते काम साधले, असे विचारले की तो घुटमळतो. म्हणूनच १८५८ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यात झालेल्या सात वादसभांचे वृत्तांत मोलाचे आहेत. शिकागोच्या वृत्तपत्रांनी तेथे लघुलेखक धाडले होते, आणि त्यांनी भाषणांबरोबर श्रोत्यांचा हशाही कंसात टिपून ठेवला.

निमित्त सिनेटच्या जागेचे होते, वाद मात्र गुलामगिरीचा होता. प्रत्येक सभा तीन तासांची. पहिल्याने एक तास बोलायचे, दुसऱ्याने दीड तास, आणि मग पहिल्यानेच अर्धा तास उत्तर द्यायचे. (चिठ्ठी पाठवून वक्त्याला आवरते घ्यायला लावणाऱ्या आमच्या अध्यक्षांना हा हिशेब मानवायचा नाही!)

डग्लस हा तोवर देशभर गाजलेला पुढारी होता. वादसभांच्या आधीच, १७ जुलै रोजी स्प्रिंगफील्ड येथे, लिंकनने हीच गोष्ट विनोदाला घेतली. डग्लसच्या गोल, हसऱ्या चेहऱ्यातून पोस्ट ऑफिसे आणि सरकारी जागा उगवताना त्याच्या अनुयायांना दिसतात; माझ्या हडकुळ्या तोंडावर कोबी उगवलेलाही कोणी पाहिला नाही, असे तो म्हणाला. हसू स्वतःच्या रूपावर ओढवून घेतले खरे, पण घाव बसला तो नोकऱ्यांच्या आशेने जमलेल्या गोतावळ्यावर.

त्याहून सरस विनोद क्विन्सीचा. नव्या प्रदेशातील लोकांनीच गुलामगिरी ठेवायची की नाही हे ठरवावे, हे डग्लसचे लाडके तत्त्व. परंतु १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्याच्या निकालाने त्यातला जीवच काढून घेतला होता. तरीही स्थानिक कायदे न करून लोकांना गुलामगिरी रोखता येईल, अशी पळवाट डग्लसने फ्रीपोर्टला काढली. १३ ऑक्टोबरला लिंकन म्हणाला की, हे तत्त्व आता उपासमारीने मेलेल्या कबुतराची सावली उकळून केलेल्या होमिओपॅथीच्या सुपाइतके पातळ झाले आहे. तासभर कायद्याचा कीस काढूनही जे श्रोत्यांच्या गळी उतरले नसते, ते या सुपाने उतरवले. त्याच्या शाब्दिक कोट्या मराठीत आणू गेले तर मरतात. हे सूप मात्र टिकते, कारण त्यात विचार आहे.

पण याच वक्त्याचा चार्ल्सटनचा हशा ऐकावा लागतो. तारीख १८ सप्टेंबर. लिंकन काळ्या-गोऱ्यांची समता मागतो, हा डग्लसचा आरोप सभेत बोचत होता. लिंकनने आरंभीच सांगून टाकले की, सामाजिक व राजकीय समता मला नको आहे. पुढे तो म्हणाला, काळी स्त्री मला गुलाम म्हणून नको, तेवढ्याने ती मला बायको म्हणून हवी असा अर्थ होत नाही. सभा हसली. तर्क बिनचूक होता, आणि आरोप तेवढ्यापुरता उडाला. पण हे हसू श्रोत्यांच्या पूर्वग्रहाला गोंजारून मिळवलेले होते, आणि ज्या स्त्रीच्या जिवावर ते मिळाले तिला त्या वादात बोलायची सोय नव्हती. स्प्रिंगफील्डला स्वतःला हसलेला माणूस येथे दुबळ्याला हसला. लिंकनच्या मोठेपणासाठी हे झाकावे, असे मला वाटत नाही.

सिनेटर तेव्हा राज्याचे विधिमंडळ निवडीत असे. तेथे डग्लस ५४ विरुद्ध ४६ मतांनी जिंकला. पुढे २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्कच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये लिंकन बोलला तेव्हा विनोद जवळजवळ नव्हताच. राज्यघटनेवर सह्या करणाऱ्या ३९ जणांपैकी २१ जणांनी गुलामगिरीच्या प्रश्नावर कसे मत दिले, याचा तो शांतपणे हिशेब मांडीत होता.

त्याच वर्षी वादसभांचे पुस्तक निघाले. त्यासाठी लिंकनने वृत्तपत्रांची कात्रणे चिकटवून स्वतःच वही तयार केली होती, आणि त्यातून टाळ्या व हशा यांचे कंस काढून टाकले होते. चार्ल्सटनचे ते वाक्य मात्र छापले गेले, हशाविना.