‘कोयता’ आणि ‘पिशवी’

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या बोलीत ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादमाची उचल जोडीवर मिळते, म्हणून लग्न लवकर होते. शिवाय दिवाळीनंतर आईबाप कारखान्यावर गेले की वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवण्याची भीती, आणि फडाजवळच्या कोपीत, जिला दारच नसते, तिथे नेण्याचीही. ही भीती लैंगिक अत्याचाराचीच आहे. तिच्यावर शोधलेला उपाय म्हणजे बालविवाह; त्या घरात होणाऱ्या बळजबरीला मात्र आपल्या भाषेत नाव नाही.

कायद्यालाही ते फार उशिरा सापडले. फुलमणीच्या मृत्यूच्या १८९० मधील खटल्यानंतर १८९१ साली संमतिवय १० वरून १२ झाले. त्या वादात टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या बाजूला. शास्त्रार्थ पुष्कळ झाला, पण ज्या कोवळ्या शरीराला इजा झाली होती ते चर्चेतून केव्हाच बाहेर गेले, असे आम्हाला वाटते. अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हा बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २०१७ साली.

अपक्व वयातले बाळंतपण, उपचाराविना राहिलेला जंतुसंसर्ग, नको असलेला गर्भ, चोरून केलेला गर्भपात: अत्याचाराचे हे परिणाम शरीर वर्षानुवर्षे वाहते. तक्रार एवढीच सांगितली जाते, की ‘अंगावरून पांढरं जातं’. मुकादमाने वा आणखी कोणी हात धरला हे उचल अंगावर असताना सांगायचे कोणाला? आणि डॉक्टर कर्करोगाची भीती घालून ‘पिशवी’ काढायला सांगतो.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहांमागे एक. या सगळ्यांमागे अत्याचार होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पाळीतला खाडा, त्याचा दंड, पाण्या-संडासाची वानवा, खासगी दवाखान्यांची हाव ही कारणे उघड आहेत. परंतु ‘पिशवी’ हा शब्दच पाहा: भरायची, रिकामी करायची, नको झाली की टाकायची वस्तू.

ती टाकल्यावर रजोनिवृत्ती लवकर येण्याचा धोका वाढतो. बीजांडकोशही काढले तर ती ताबडतोब येते, हाडे ठिसूळ होतात. शस्त्रक्रियेचा खर्च बहुधा नव्या उचलीतूनच भागतो, आणि ती फेडायला पुढच्या हंगामात तोच कोयता पुन्हा फडात उतरतो.