शकुंतलेचा कापूस, सुनेचे कुर्ते

मैत्रिणींनो, तयार पॉलिस्टर कुर्त्याने सूनबाईच्या पाठीवर घामोळं उठलं. म्हणून ऑफिससाठी चार सुती कुर्ते शिवतेय. कापड आधी भिजवून आटवलं, मुंढे सैल ठेवले.

मशीनवर बसलं की कारंजाची शकुंतला रेल्वे आठवते. 1877 मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. तरी पुढे किलिक निक्सन कंपनीने मुर्तिजापूरहून ही अरुंद लाईन टाकली, ती वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला. मुंबईमार्गे तो मँचेस्टरला जाई, कापड होऊन परत येई. कच्चा माल स्वस्तात गेला, पक्का महाग आला, माझं बी.कॉम. इथेच चिडतं! आजही कापूस आपल्या शिवारात, दुकानात मात्र पॉलिस्टर.

तिसऱ्याच्या बाह्या लावायच्यात. सोमवारी तिला घालायचाय.