भातामागचं दुसरं पीक

कर्जत-खालापूर म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर पाऊस उभा राहतो. धबधबे, धुकं, माथेरानची छोटी गाडी आणि गरम कांदाभजी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलुखात पाण्याची चणचण असते, हे सांगितलं तर खरं वाटत नाही. पण मित्रहो, हा सारा पाऊस चार महिन्यांत येतो आणि उल्हास नि पाताळगंगेच्या वाटेनं समुद्राला मिळतो. होळीनंतर डोंगरवाड्यांतल्या बाया टँकरची वाट बघत बसतात. आधी पूर आणि शेवटी वाळवंट, असा इथला वर्षाचा हिशेब. या दोहोंच्या मधे जो लहानसा हिवाळा येतो, त्यात घरामागं काय पिकतं, याबद्दल मला आज बोलायचं आहे. परसातल्या कोंबड्या आणि भाजीचे चार वाफे, एवढाच विषय.

मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए.ला इतिहास होता, पण त्यात लढाया होत्या, तह होते, सनावळ्या होत्या, खुराडं नव्हतं. आणि खुराड्याचा इतिहास तर भाताशी जोडलेला आहे.

कोंबडी माणसाच्या घरात आली कशी? 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं याचं मोठं सुरेख उत्तर दिलं. पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीलायक अवशेष थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणी सापडले. ते इसवी सनापूर्वी 1650 ते 1250 या काळातले. माणूस कोरडवाहू भात आणि भरड धान्यं पिकवू लागला, सांडलेल्या दाण्यांसाठी रानपक्षी झाडावरून खाली उतरले आणि हळूहळू दाराशी रुळले, असं हे संशोधक मानतात. म्हणजे माणसानं कोंबडी धरून आणली नाही. दाण्यानं तिला बोलावलं.

यात आपल्या सह्याद्रीच्या गणगोताचाही वाटा आहे. कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण आपल्या घाटात आरवतो तो राखी रंगाचा, वेगळा. 2008 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा आणि पिवळ्या पायांचा गुण या राखी रानकोंबड्याकडून आला आहे. भीमाशंकरच्या रानात जो कोंबडा माणसाच्या चाहुलीनं झाळीत शिरतो, त्याच्या रक्ताची खूण जगभरच्या कोंबड्या पायांवर मिरवतात.

दाण्याचं हे नातं आमच्याकडं अजून दिसतं. भात झोडल्यावर खळ्यात सांडलेले दाणे, गिरणीतून आलेला कोंडा, वाळवणातला चुरा, उकिरड्यातले किडे, एवढ्यावर गावठी कोंबडी जगते. तिच्यासाठी कुणी खाद्य विकत आणत नाही. वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, खुडूक झाली की एकवीस दिवस बसते आणि दहा-बारा पिलं घेऊन अंगणात फिरते. त्यातली काही घार नेते, काही मुंगूस नेतो, उरलेली आपली.

वालाचंही असंच आहे. भात कापलं की खाचरात जी ओल उरते, त्या ओलीवर वाल पेरतात. त्याला पाणी द्यावं लागत नाही. जमिनीतला ओलावा आणि पहाटेचं दव यांवर तो वाढतो आणि पौष-माघात शेंगांनी लगडतो. भातानं टाकलेल्या दाण्यावर कोंबडी, भातानं ठेवलेल्या ओलीवर वाल. दोन्ही भातामागची पिकं.

घरामागच्या वाफ्यांना मात्र पाणी लागतं. ते न्हाणीचं सांडपाणी. आमच्या घरी दादीनं न्हाणीपासून वाफ्यापर्यंत एक चर काढला होता. तोंडाशी अळू, पुढं वांगी, मिरची, मुळा, माठ. आंघोळीचं पाणी कुणी भलतीकडं ओतलं की ती चिडायची. भाजी आणि कोंबड्या या तशा एकमेकींच्या वैरिणी. कोंबडी कोवळं रोप ठेवत नाही, उकरून काढते. म्हणून वाफ्याला कारवीच्या काठ्यांची आणि काट्यांची वई. पेरणीआधी आठवडाभर कोंबड्या आत सोडायच्या, त्या मातीतल्या अळ्या वेचतात. मग वई बंद. भाजी संपली की पुन्हा मोकळीक. खुराड्यातली विष्ठा ताजी घातली तर रोप जळतं, म्हणून ती राखेबरोबर खड्ड्यात कुजवायची. हे शास्त्र कुठं लिहिलेलं नव्हतं, सासूकडून सुनेकडं जायचं.

आणि यातला पैसा बाईचा असायचा. भात विकलं की ती रक्कम पुरुषाच्या हाती. अंडी, पिलं, वालाच्या शेंगा यांचे पैसे लुगड्याच्या गाठीत. पाटी-पेन्सिल, औषध, माहेरी जायचं भाडं त्यातून निघे. जिच्याकडं कोंबडी नाही तिला शेजारीण तलंग अर्धलीनं द्यायची: पिलं निघाली की निम्मी तुझी, निम्मी माझी. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनानं कुळांना जमिनीचा हक्क दिला, ही फार मोठी गोष्ट झाली. पण सातबाऱ्यावर नावं लागली ती बहुतेक पुरुषांची. बाईचं खुराडं सातबाऱ्यावर कधी नव्हतंच.

बाजार मात्र जुना. 1856 साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली, 1863 साली बोरघाट चढली. माथेरान वसलं आणि डोंगराखालच्या ठाकर-कातकरी वाड्यांतून भाजी, अंडी डोक्यावरून वर जाऊ लागली. पुढं घाटमाथ्यावरचं पाणी खाली उतरवून टाटांनी 1915 साली खोपोलीत आणि 1922 साली भिवपुरीत वीज काढली. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. वापरून झालेलं पाणी आमच्या वाट्याला आलं. खोपोलीचं पाताळगंगेत गेलं. भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालवा झाला आणि कर्जतच्या काही गावांत उन्हाळ्यातही भात उभं राहिलं. इथंही उरलेल्यावरच आमचं पिकलं.

थंडीत खुराडं आणि शिवार एका मडक्यात भेटतात, त्याला आम्ही पोपटी म्हणतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, अंडी, रताळी, मसाला लावलेली कोंबडी. तोंडाला पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-पातेऱ्याचा जाळ. पाणी थेंबभर नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं. आमच्या आळीच्या पोपटीचा कोंबडा दुपारीच आमच्या दारी यायचा. वडील बिस्मिल्ला म्हणून तो कापायचे, म्हणजे रात्री सगळ्यांना एका मडक्यातलं खाता यावं. यावर कधी कुणी चर्चा केली नाही. गावगाड्यात मुलाण्याला हे काम पिढ्यान् पिढ्या होतंच.

मग दिवस बदलले. 1971 साली पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली, 1982 साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती आली. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं. हे चांगलंच झालं. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला. तोवर आमच्या बायांना कोंबड्यांचा एकच काळ माहीत होता: मानमोडी, म्हणजे रानीखेत. आता अंगणातल्या कोंबडीकडंही लोक संशयानं बघू लागले. पण त्यातूनही गावठी कोंबडी टिकली. उलट शहराला तिची चव आठवली आणि तिच्या अंड्याला दुप्पट-तिप्पट भाव आला.

धोका आहे तो वेगळाच. 2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, मुंबई जवळ आली आणि भाताची खाचरं फार्महाऊससाठी विकली जाऊ लागली. विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण भातात निघत नाही. पण खाचर गेलं की खळं जातं, खळ्याबरोबर सांडलेला दाणा जातो. खाचराची ओल जाते, म्हणजे वाल जातो. मग कोंबडीला खाद्य विकत आणावं लागतं, वाफ्याला बोअरवेल मारावी लागते, आणि जे फुकट होतं ते तोट्याचं होतं. खरेदीखतात जमिनीची किंमत मांडलेली असते. बाईच्या गाठीतल्या पैशांचा रकाना त्यात नसतो, आणि सही करताना तिला बहुतेक कुणी विचारलेलंही नसतं.

सरकार सुधारित जातीची पिलं वाटतं, बियाण्यांची पाकिटं देतं. जरूर द्यावीत. परंतु कोंबडी आणि वाल या सुट्या वस्तू नाहीत. भाताच्या खाचराला त्या बांधलेल्या आहेत. ज्यांना थंडीत पोपटी हवी आहे, मग ते गावचे असोत की शनिवार-रविवारचे पाहुणे, त्यांनी मडक्याआधी त्या खाचराची काळजी करायला हवी.