घरगुती वस्तूंतील अपरीक्षित रसायने

सोफा, गादी, मुलांचे कपडे, खेळणी, दुधाची बाटली, साबण, शांपू अशा रोजच्या वस्तूंत वापरली जाणारी, परंतु माणसाच्या आरोग्यावरील परिणाम पुरेसे न तपासता बाजारात आलेली रसायने. ज्वालारोधके, प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेटे, बिस्फेनॉल-ए (बीपीए), साबणातील ट्रायक्लोसान, डाग व पाणी न धरणाऱ्या लेपांतील फ्लोरिनयुक्त संयुगे ही त्यांतली ठळक उदाहरणे. औषध विकण्यापूर्वी उत्पादकाला चाचण्यांचे निष्कर्ष सरकारपुढे ठेवावे लागतात. औद्योगिक रसायनांना अशी अट अनेक दशके जवळजवळ कुठेच नव्हती. तपासणी झाली नाही म्हणून एखादे रसायन घातक ठरत नाही, हे खरे. पण त्याचा अपाय ध्यानात येईपर्यंत ते लाखो घरांत जाऊन बसलेले असते आणि पुरावा गोळा करण्याचे काम विकणाऱ्याऐवजी इतरांच्या गळ्यात पडते. हे कसे घडते ते अमेरिकेतील ज्वालारोधकांच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

कायद्याची चौकट : अमेरिकेत विषारी द्रव्य नियंत्रण कायदा ऑक्टोबर १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांच्या सहीने झाला. त्या वेळी वापरात असलेली सुमारे ६२,००० रसायने कोणतीही नवी चाचणी न मागता बाजारात राहू दिली गेली. नव्या रसायनासाठी उत्पादकाने पर्यावरण संरक्षण संस्थेला आगाऊ सूचना द्यायची होती. मात्र सूचनेसोबत आरोग्यविषयक चाचण्या जोडण्याची सक्ती नव्हती. संस्थेला चाचणी मागायची असेल तर रसायन धोकादायक असू शकते याचा पुरावा आधी संस्थेनेच द्यायचा, आणि तो पुरावा तर चाचणीतूनच मिळणार. या पेचामुळे कायदा जवळपास निकामी झाला. ॲस्बेस्टॉसचे घातक परिणाम तोवर साऱ्या जगाला माहीत झाले होते. तरी त्याच्यावर संस्थेने १९८९ मध्ये घातलेली बंदी १९९१ मध्ये संघीय अपील न्यायालयाने बव्हंशी रद्द केली. ॲस्बेस्टॉसवरही बंदी टिकत नाही म्हटल्यावर इतर रसायनांच्या वाटेला जाण्याचे धाडस संस्थेने पुढे क्वचितच केले.

मुलांचे रात्रीचे कपडे : १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांनी सहज पेट घेऊ नये असे नियम आले. हेतू चांगला होता. कपडे पेटून मुले भाजत होती. कापड उद्योगाने त्यावर सोपा उपाय काढला आणि कपड्यांना ब्रोमीनयुक्त ‘ट्रिस’ हे द्रव्य लावले. कपड्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्क्यांपर्यंत हे रसायन असे. जानेवारी १९७७ मध्ये आर्लीन ब्लम व ब्रूस एम्स यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की ट्रिस जीवाणूंच्या जनुकांत बदल घडवते आणि त्यामुळे ते कर्करोगकारक असण्याची शक्यता मोठी आहे. एप्रिलमध्ये ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने अशा कपड्यांची विक्री थांबवली. ट्रिस कपड्यातून मुलांच्या शरीरात जाते हेही पुढच्या वर्षी सिद्ध झाले : असे कपडे घातलेल्या मुलांच्या लघवीत ट्रिसपासून बनणारे घातक द्रव्य सापडले. देशात विकता न येणारा माल दरम्यान परदेशी जहाजांवर चढत होता; १९७८ मध्ये त्या निर्यातीलाही मनाई करावी लागली.

ब्रोमीनयुक्त ट्रिसच्या जागी क्लोरीनयुक्त ट्रिस आले. तेही जनुकांत बदल घडवते असे ब्लम व एम्स यांच्याच गटाने १९७८ मध्ये दाखवले आणि उत्पादकांनी ते मुलांच्या कपड्यांतून आपणहून काढले. कायद्याने मात्र त्यावर बंदी आली नाही. परिणामी तेच द्रव्य सोफ्याच्या फोममध्ये राहिले, आणि पुढे तान्ह्या बाळांच्या गाद्या-उशांतही जाऊन बसले. आगीतून फुफाट्यात पडणे याहून शब्दशः क्वचितच घडले असेल.

सोफ्याचा फोम : कॅलिफोर्निया राज्याने १९७५ मध्ये ‘टीबी ११७’ हे मानक लागू केले. फर्निचरमधल्या फोमने लहान ज्योतीपुढे १२ सेकंद तग धरला पाहिजे, अशी त्याची अट होती. एका राज्यासाठी वेगळा माल बनवणे परवडत नसल्याने अनेक कंपन्यांनी देशभर हाच फोम वापरला. खऱ्या आगीत आधी पेटते ते वरचे कापड आणि फोमपर्यंत पोचते तेव्हा ती ज्वाला मोठी झालेली असते. उघड्या फोमला काडी लावून घेतलेली चाचणी त्याबद्दल फारसे सांगत नाही. शिवाय फर्निचरला लागणाऱ्या जीवघेण्या आगींचे मोठे कारण न विझलेली सिगारेट हे होते. तंबाखू कंपन्यांना आपोआप विझणारी सिगारेट करण्यापेक्षा न पेटणारा सोफा बरा वाटला. अशा सिगारेटची सक्ती करणारे न्यूयॉर्क हे पहिले राज्य ठरले, तेही २००४ मध्ये.

फोममध्ये मुख्यतः ‘पेंटा-बीडीई’ हे ब्रोमीनयुक्त मिश्रण घालत. तापल्यावर सुटणारे ब्रोमीन ज्वालेतली रासायनिक साखळी तोडते, हे त्याचे कार्य. पण हे द्रव्य फोमशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते, नुसते मिसळलेले असते. ते हळूहळू बाहेर पडते, घरातल्या धुळीला चिकटते, हाताला लागते, तिथून तोंडात जाते. रांगणारे मूल जमिनीवर असते आणि दर थोड्या वेळाने हात तोंडात घालते, म्हणून मोठ्यांपेक्षा त्याच्या पोटात ही धूळ कितीतरी अधिक जाते. अंग चाटणाऱ्या मांजरांचेही तसेच. २००७ मध्ये अमेरिकेतील पाळीव मांजरांच्या रक्तात ही द्रव्ये प्रौढ माणसांपेक्षा २० ते १०० पट आढळली.

धोक्याची पहिली मोठी खूण मिळाली ती स्वीडनमध्ये. तिथे १९७२ पासून साठवलेल्या आईच्या दुधाच्या नमुन्यांत ही द्रव्ये १९९७ पर्यंत दर ५ वर्षांनी सुमारे दुपटीने वाढलेली दिसली. युरोपीय संघाने २००४ मध्ये पेंटा-बीडीईवर बंदी घातली. अमेरिकेतील त्याच्या एकमेव उत्पादकाने त्याच वर्षअखेर उत्पादन थांबवले. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनस खोऱ्यातील माता व मुले यांच्या दीर्घकालीन अभ्यासात या द्रव्यांचे प्रमाण जास्त असलेल्या मुलांत एकाग्रता, हातांच्या बारीक हालचाली व बौद्धिक क्षमता कमी असल्याचा संबंध २०१३ मध्ये नोंदला गेला. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव थेट सिद्ध होत नसतो. पण एव्हाना फोम बनवणारे पुढच्या द्रव्याकडे वळले होते. २०११ मध्ये बाळांच्या १०१ वस्तूंचा फोम तपासला तेव्हा ८० टक्क्यांत ज्वालारोधके निघाली, आणि त्यांत सर्वाधिक आढळले ते १९७८ पासून बदनाम असलेले क्लोरीनयुक्त ट्रिस. पुढल्या वर्षी १०२ सोफ्यांच्या तपासणीत हे प्रमाण ८५ टक्के होते.

मे २०१२ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने लेखमालेतून यामागचा व्यवहार उघडा पाडला. आगीपासून संरक्षणाचा पुरस्कार करणारी म्हणून मिरवणारी एक संस्था प्रत्यक्षात तीन ज्वालारोधक-उत्पादकांनी चालवलेली होती. तिच्यातर्फे साक्ष देणाऱ्या एका नामांकित भाजतज्ज्ञ डॉक्टरांनी आमदारांना सांगितलेली, ज्वालारोधक नसलेल्या उशीमुळे भाजून दगावलेल्या तान्ह्या मुलीची गोष्ट खरी नव्हती. तशी मुलगी सापडलीच नाही. त्यानंतर मात्र गोष्टी झपाट्याने हलल्या. नवे मानक ‘टीबी ११७-२०१३’ हे ज्योतीऐवजी धुमसत्या सिगारेटची चाचणी घेते आणि ती ज्वालारोधक न घालताही पार करता येते. १ जानेवारी २०१५ पासून ते सक्तीचे झाले. फर्निचरवर ज्वालारोधक आहे की नाही हे लिहिण्याचीही सक्ती त्याच वर्षी आली. २०२० च्या आरंभापासून कॅलिफोर्नियाने मुलांच्या वस्तू, गाद्या व गादीचे फर्निचर यांत ०·१ टक्क्यापेक्षा अधिक ज्वालारोधक असण्यास मनाई केली आणि जून २०२१ पासून नवे मानक सबंध अमेरिकेला लागू झाले. पहिल्या ट्रिसपासून मोजले तर यात चार दशकांहून अधिक काळ गेला.

कायद्यातील सुधारणा : १९७६ चा मूळ कायदा बदलण्यासाठी न्यू जर्सीचे सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांनी २००५ पासून विधेयके मांडली. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा सुधारणा कायदा २२ जून २०१६ रोजी अमलात आला. जुन्या रसायनांचे टप्प्याटप्प्याने मूल्यमापन आणि नवे रसायन बाजारात येण्यापूर्वी त्याच्याबाबत पर्यावरण संरक्षण संस्थेचा स्पष्ट निर्णय या दोन गोष्टी त्याने बंधनकारक केल्या. क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसवर बंदी आली ती या कायद्याखाली, मार्च २०२४ मध्ये. युरोपीय संघाचा ‘रीच’ नियम (१ जून २००७) अधिक थेट आहे : ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त तयार वा आयात होणाऱ्या रसायनाची माहिती उत्पादकाने द्यायची, नाही तर विकायचे नाही. त्याचीही अंमलबजावणी संथ असल्याची टीका होते, पण भार कोणावर हे त्यात निःसंदिग्ध आहे.

एका द्रव्याऐवजी त्याचाच नातलग आणण्याचा प्रकार इतरत्रही दिसतो. दुधाच्या बाटल्यांतून बीपीए हद्दपार करण्याचा निर्णय कॅनडाने २००८ मध्ये जाहीर केला, युरोपीय संघाने २०११ मध्ये व अमेरिकेने २०१२ मध्ये तेच केले. मग अनेक वस्तूंवर ‘बीपीए-मुक्त’ असे छापून आत त्याच कुळातले बीपीएस वापरले गेले. ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशके असलेले साबण अमेरिकेने २०१६ च्या आदेशाने बाजारातून काढले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नाही.

कुटुंबाच्या हाती काय : यावर मोजके पण चांगले प्रयोग झाले आहेत. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ५ कुटुंबांना ३ दिवस डबाबंद वा प्लॅस्टिकमध्ये बांधलेले अन्न टाळून ताजे अन्न दिले, तेव्हा त्यांच्या लघवीतील बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी उतरले (२०११). सॅलिनस खोऱ्यातील १०० किशोरवयीन मुलींनी ३ दिवस थॅलेटे, पॅराबेन व ट्रायक्लोसान नसलेली सौंदर्यप्रसाधने वापरली, तेव्हा ट्रायक्लोसान ३६ टक्क्यांनी आणि मिथिल पॅराबेन ४४ टक्क्यांनी घटले. मात्र दुसरी दोन पॅराबेने अनपेक्षितपणे वाढली (२०१६). ही द्रव्ये शरीरातून लवकर बाहेर पडतात, म्हणून फरक इतक्या लवकर दिसतो. चरबीत साठणाऱ्या पेंटा-बीडीईला वर्षे लागतात.

ज्वालारोधकांबाबत सर्वांत उपयोगी ठरते ती धूळ कमी करणे : जेवणापूर्वी, विशेषतः मुलांचे, हात धुणे, केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणे, फाटून फोम उघडा पडलेली गादी वा सोफा न वापरणे. रोज लादी पुसणारी आपली घरे या बाबतीत गालिचे अंथरलेल्या घरांपेक्षा नकळत बरी. गरम अन्न प्लॅस्टिकच्या डब्यात न भरणे, मायक्रोवेव्हमध्ये काचेचे वा चिनी मातीचे भांडे वापरणे आणि सुवासिक प्रसाधने कमी करणे यांनी थॅलेटे व बीपीए घटतात. यापलीकडे ग्राहकाची धाव फार नाही. वेष्टनावर ‘सुगंध’ एवढाच शब्द असेल तर आत काय आहे ते वाचून कळत नाही, आणि महाग पर्याय घेणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी खरेदीतला विवेक हा उपायच नव्हे. आजवरच्या मोठ्या घटी नियमांमुळे झाल्या आहेत.

भारत : रसायनांची विक्रीपूर्व नोंदणी करणारी रीचसारखी सर्वंकष व्यवस्था भारतात अद्याप रूढ नाही, वस्तुनिहाय नियम आहेत. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम २०१६ मध्ये झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे अधिक असू शकते, म्हणून जुन्या घराच्या भिंती घासताना वा पोपडे काढताना मुलांना दूर ठेवणे अजूनही आवश्यक आहे. दुधाच्या बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेट वापरण्यास भारतीय मानक ब्यूरोच्या २०१५ च्या मानकाने मनाई केली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे असून त्या मानकांत थॅलेटांची मर्यादा आहे. जत्रेत वा रस्त्यावर वजनावर विकल्या जाणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या खेळण्यांवर ते चिन्ह असतेच असे नाही. स्टॉकहोम करारात २००९ मध्ये समाविष्ट झालेल्या पेंटा-बीडीईवर भारताने २०१८ च्या नियमांनी बंदी घातली.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी वापरलेला सोफा विकत घेताना बैठकीखाली शिवलेली पट्टी वाचावी. तिच्यावर नुसते ‘टीबी ११७’ असेल तर फोममध्ये ज्वालारोधक असण्याची शक्यता मोठी. ‘टीबी ११७-२०१३’ असेल तर खाली ज्वालारोधक घातले आहे की नाही ते सांगणारा रकाना असतो, तोही पाहावा.