रोमचा वाढदिवस

दर वर्षी २१ एप्रिलला रोम शहर आपला वाढदिवस साजरा करतं. रोमन सैनिकांच्या वेषात माणसं जमतात, मिरवणूक निघते. इ.स.पू. ७५३ मध्ये याच दिवशी रोम्युलसने नांगराने हद्द आखून शहर वसवलं, अशी कथा. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न पडतो : हे कळलं कसं?

दिवस आणि वर्ष वेगवेगळे तपासू. २१ एप्रिल हा ‘पारिलिया’ नावाचा धनगरांचा सण. पालेस या दैवताकडे कळपाचं रक्षण मागायचं, पेटत्या गवतावरून उड्या मारायच्या. वर्षाचं तर विचारूच नका. पहिला रोमन इतिहासकार फाबिउस पिक्तोर याच्या हिशेबाने ते इ.स.पू. ७४८-७४७, तर ग्रीक इतिहासकार तिमायोस म्हणतो ८१४-८१३. ७५३ हा आकडा व्हारो या पंडिताच्या नावावर रूढ झाला, तोही इ.स.पू. पहिल्या शतकात. प्लुटार्क सांगतो, की व्हारोने तारुतियुस या ज्योतिषाला रोम्युलसची कुंडली उलटी मांडायला लावली. म्हणजे आयुष्यातल्या घटनांवरून जन्मवेळ काढायची! त्याने शहराचीही पत्रिका केली. सिसेरोने त्याची थट्टा केली आहे : ग्रहताऱ्यांचा अंमल विटादगडांवरही चालतो काय?

मग सगळं थोतांडच का? तसंही नाही. पॅलाटिन टेकडीवरच्या उत्खननात लोहयुगातल्या झोपड्यांच्या खांबांचे खळगे सापडले आहेत. तिथे इ.स.पू. आठव्या शतकात वस्ती होती. पण वस्ती हळूहळू वाढते, तिला जन्मतारीख नसते. तारीख लागते ती राज्यकर्त्यांना.

इ.स. ४७ मध्ये सम्राट क्लॉडियसने शहराच्या ८०० वर्षांचे खेळ भरवले. पुढच्याच वर्षी गॉल प्रांतातल्या सरदारांना सिनेटमध्ये घ्यावं म्हणून त्याने भाषण केलं. ते ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेलं आज लियाँला आहे. त्यात तो आठवण देतो, की आपले जुने राजेसुद्धा बाहेरून आले; नुमा साबाईन होता. इ.स. २४८ मध्ये सहस्राब्दीचा सोहळा झाला, तेव्हा सम्राट होता फिलिप, आजच्या सीरियातल्या गावचा. नाण्यांवर खेळांतले प्राणी उमटले. पुढच्याच वर्षी बंडात तो मारला गेला.

आणि १९२३ मध्ये मुसोलिनीने १ मेची कामगारांची सुट्टी रद्द करून ती २१ एप्रिलला नेली. रोमचा जन्म आणि श्रमाचा दिवस एक केला, म्हणजे संपवाल्या कामगाराचा सण साम्राज्याच्या सणात विरघळला. फॅसिझम कोसळल्यावर १ मे परत आला.

आता मूळ कथेकडे पाहू. तिच्यात रोम्युलसच्या हद्दीची भिंत ओलांडली म्हणून रेमुसचा जीव जातो. मग तोच रोम्युलस कॅपिटोल टेकडीवर आश्रयस्थान उघडतो; परागंदा झालेले, पळून आलेले गुलाम, कोणीही यावं. भिंत आणि उघडं दार एकाच कथेत आहेत. क्लॉडियसने दाराची बाजू घेतली, मुसोलिनीने भिंतीची.

म्हणून आम्ही म्हणतो, कुठल्याही शहराचा वर्धापनदिन आला की तारखेवर भांडण्यापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. कथेचा कुठला भाग मोठ्याने वाचला जातोय? आणि त्या दिवशी कोणाची सुट्टी काढून घेतली जातेय?