गरम झाली की बंद

मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावर, खंडाळ्याच्या घाटात, ऐन मे महिन्यात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे लगेच कळेल. सकाळी एका सेल्फमध्ये चालू झालेली गाडी घाट लागला की आचके देत बंद पडायची. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू! तोवर आतली मंडळी रस्त्याकडेला डबे सोडून बसलेली असायची.

तेव्हाच्या गाड्यांचा इतिहास समजल्याशिवाय हे कोडं सुटत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. इंजिन १०८९ सीसी, मूळ रचना इटलीतली, १९५० च्या दशकातली. त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे हिचाही पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटवलेला असे. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढायचा. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक तर चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. चढावर इंजिन तापलेलं, वेग कमी, वारा नाही... नळीत वाफ धरते. पंप ती वाफ नुसती दाबत आणि सोडत बसतो, कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही.

म्हणून पंपावर ओलं फडकं टाकायचा उपाय रूढ झाला. पिढ्यान्‌पिढ्या चालला. पण गंमत पुढेच आहे.

दुसरा संशयित म्हणजे इग्निशन कॉइल. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास बसवलेली बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची पद्धत सत्तरऐंशी वर्षं जवळजवळ तशीच चालली. जुन्या कॉइलच्या वेटोळ्यांमधलं आवरण कमजोर झालं की थंडपणी ती ठीक चालते, तापली की ठिणगी मरते. पॉइंटजवळचा कंडेन्सरही असाच दगा देतो. तिसरा संशयित टाकीचं झाकण. त्याचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पंप दमतो.

आता बघा, थांबलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं, कॉइल निवते, टाकीत हळूहळू हवा शिरते. तिन्ही रोग नुसत्या थांबण्याने बरे होतात! श्रेय मात्र फडक्याला. त्यापायी किती पंप विनाकारण बदलले गेले असतील आणि गाडी पुढच्या घाटात पुन्हा बंद पडली असेल, देव जाणे.

जाणते मिस्त्री म्हणूनच गाडी गॅरेजात थंड करून तपासत नसत. बंद पडल्या क्षणीच नाडी बघायची. आधी टाकीचं झाकण उघडायचं. फुस्सकन हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली तर चोर सापडला. नाहीतर प्लग काढून, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून सेल्फ मारायचा. निळी, कडक ठिणगी असेल तर दोष पेट्रोलकडे. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच तर कॉइल-कंडेन्सरकडे. ठिणगी बघताना पेट्रोलची नळी मात्र उघडी नको, तापल्या इंजिनावर भडका उडायला वेळ लागत नाही.

पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या. पंप टाकीत गेला आणि पेट्रोल ओढण्याऐवजी दाबाने ढकलू लागला, त्यामुळे नळीत वाफ धरणं जवळपास संपलं. पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली.

असो. गाड्या गेल्या, पण मिस्त्रींचा नियम उरला आहे. जे दुखणं येतं आणि आपोआप जातं, ते असतानाच तपासावं. गेल्यावर केलेला प्रत्येक उपाय गुणकारीच वाटतो. कुणाकडे अजून जुनी गाडी असेल तर पाण्याची बाटली शोधण्याआधी प्लग-पाना शोधा!